मावठा पडला की बॅग भरू नका: हिवाळी हिमालय, हिमस्खलन आणि इंदूरकरांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपत आला की माझा फोन सुरू होतो. "ताई, जानेवारीत उत्तराखंडचा केदारकंठा ट्रेक करतोय, काय काय घेऊ?" जाकीट, बूट, थर्मल, हातमोजे यांची चौकशी तासभर चालते. बर्फाचा उतार अंगावर येईल का, हे विचारणारा विरळाच, आणि तोही बहुधा घरच्यांच्या वतीने विचारतो. आम्ही सहा-सात मंडळी दर रविवारी जानापाव चढतो. तिथे आणि परतताना महूच्या पोह्यांवर तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे. मी काही बर्फाची शास्त्रज्ञ नाही. गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केलाय, बरेच हिवाळे वर काढलेत आणि एकदा मूर्खपणा करूनही वाचलेय. तो किस्सा पुढे येईल.

हिमस्खलन म्हणजे बर्फाचा गोळा घरंगळत मोठा होत जातो, तसंच ना?

ते कार्टूनमध्ये. माणसं मारतं ते बहुतेक वेळा लादीचं स्खलन. हिवाळ्यात बर्फ थरांनी साचतो. प्रत्येक हिमवृष्टीचा एक थर, मधल्या उन्हावाऱ्याने घट्ट झालेला दुसरा, आणि यात कुठेतरी एखादा कच्चा थर दबून राहतो. एका फळीवर कोरडा साबुदाणा पसरा, त्यावर जाड पुस्तक ठेवा आणि फळी एका बाजूने उचलत जा. पुस्तक जसं अख्खंच्या अख्खं सुटतं, तशी बर्फाची लादी सुटते.

हा साबुदाणा बर्फात तयार कसा होतो, ते समजून घेण्यासारखं आहे. बर्फाखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास असते आणि वरची हवा उणे पंधरा-वीस. मग तळाची वाफ वर सरकत राहते आणि तिच्यामुळे बर्फाचे कण एकमेकांना धरून ठेवण्याऐवजी सुटे, टोकदार, साखरेसारखे होतात. मुठीत घेऊन दाबले तरी त्यांचा लाडू वळत नाही. थर जितका पातळ आणि रात्री जितक्या निरभ्र, तितकं हे लवकर घडतं. म्हणून "यंदा बर्फ कमी आहे, म्हणजे धोका कमी" हे ऐकलं की मला धडकी भरते. लडाख-लाहौलकडच्या थंड, कोरड्या, पातळ बर्फात हा कच्चा थर हिवाळाभर टिकू शकतो.

वजनाचा अंदाज हवा असेल तर पन्नास मीटर लांब, वीस मीटर रुंद आणि अर्धा मीटर जाड लादी घ्या. आपल्याकडच्या लग्नाच्या लॉनपेक्षा लहानच. झाले ५०० घनमीटर. घनमीटरला २०० किलो धरले तरी १०० टन, आणि तेही बघता बघता मोटारीच्या वेगाने खाली येणारे.

जोरात ओरडलं तर स्खलन होतं का?

नाही. माणसाच्या आवाजात तेवढा जोर नसतो. स्फोटकांनी होतं, पण ते सुरुंगाचं काम. तुमच्या पायाच्या वजनाने मात्र नक्की होतं. हिमस्खलनात सापडलेल्यांच्या बहुतेक प्रकरणांत ते सुरू करणारा तो स्वतः असतो, नाहीतर त्याच्याच गटातला कुणीतरी. तेव्हा "डोंगराने घात केला" हे वाक्य सहसा खोटं असतं.

धोक्याचा उतार ओळखायचा कसा?

घराचा जिना बघा. साधारण ३० ते ३५ अंशांचा असतो. लादी सुटते ती मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारावर, म्हणजे आपल्या जिन्यापासून पुढे. याहून खूप उभ्या उतारावर बर्फ टिकतच नाही, थोडा थोडा सांडत राहतो. २५ अंशांच्या आत लादी सहसा सुटत नाही. गंमत अशी की पाय ठेवायला, घसरायला, फोटो काढायला माणसाला जो उतार मोहात पाडतो, तो नेमका या धोक्याच्या पट्ट्यात असतो. मोबाइलवर कोन मोजायचं ॲप फुकट मिळतं. इंदूरमध्येच चार जिने, दोन फ्लायओव्हर मोजून डोळा तयार करा. वर गेल्यावर गारठलेल्या बोटांनी शिकायला जमत नाही.

पण नुसता पायाखालचा उतार मोजून भागत नाही, डोक्यावर काय आहे तेही बघावं लागतं. तुम्ही सपाट बुग्यालावर, म्हणजे डोंगरावरच्या कुरणात, उभे असाल आणि वर चाळीस अंशांची भिंत असेल, तर तुम्ही त्या भिंतीच्या अंगणात आहात. खालून चालतानासुद्धा वरची लादी सुटू शकते, कारण कच्चा थर आत सलग पसरलेला असतो. नाल्यात छोटं स्खलनही जीव घेतं, कारण तिथे बर्फ पसरायला जागा नसते; तो साचत जातो आणि माणूस तळाशी राहतो. झाडी दाट असेल तर आधार आहे, विरळ असेल तर नाही. एखाद्या उतारावरच्या देवदारांच्या वरच्या अंगाच्या फांद्या तुटलेल्या दिसल्या तर तिथून काय जातं ते झाडानेच सांगितलं, असं समजा.

हवामान कसं वाचायचं? इथे बसून काही कळतं का?

कळतं! डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे अचानक ढग भरून मावठा पडतो आणि गव्हावाले खूश होतात, तो बऱ्याचदा पश्चिमी विक्षोभाचा, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेचा, प्रताप असतो. तोच विक्षोभ काश्मीर, हिमाचल, गढवालला बर्फ टाकत जातो. राजवाड्यावर भर पावसात गराडू खाताना एक गोष्ट लक्षात असू द्या: वर या घडीला कुणाच्या तरी डोक्यावरचा उतार भरतो आहे.

हिमवृष्टी चालू असताना आणि थांबल्यावरचे पहिले एक-दोन दिवस सर्वात वाईट. चोवीस तासांत फूटभर नवा बर्फ पडला असेल तर मी उभ्या उताराच्या वाटेलाही जात नाही. वारा असेल तर त्याहून कमी बर्फातही नाही, कारण वारा धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला नेऊन ठासतो. आभाळातून इंचभरही पडत नसताना आडोशाच्या उतारावर हातभर साचतो, वर धारेवर छज्जासारखी कॉर्निस बाहेर येते, आणि पायाखाली ढोलासारखा पोकळ आवाज येतो. मार्चनंतर खेळ बदलतो. दुपारच्या उन्हाने बर्फ ओला, जड होतो, म्हणून तेव्हा पहाटे तीन-चारला निघून दुपारच्या आत परतायचं.

आणि हो, बर्फ थांबून लख्ख निळं आभाळ उघडतं ना, त्या पहिल्या सकाळी सगळ्यांनाच सुरसुरी येते. मलाही आली होती.

तो किस्सा काय?

गढवाल, फेब्रुवारी. आम्ही पाच जण आणि एक स्थानिक गाइड. दोन दिवस तंबूत बसून काढले, तिसऱ्या दिवशी ऊन. परवाची ऋषिकेशहून परतीची गाडी. गाइड म्हणाला, "दीदी, आज रुक जाते हैं, ऊपर से ग्लेशियर आ सकता है." मी पुस्तकं वाचलेली बाई. नकाशात बघितलं, वर ग्लेशियर नव्हताच. त्याला हसून समजावलं की ग्लेशियर म्हणजे काय, आणि निघालो. तासाभरात पायाखाली 'हुम्म' असा दबका आवाज आला, जणू भल्यामोठ्या गादीवर कुणी धप्पकन बसलं. माझ्या बुटापासून एक भेग सरळ रेषेत डावीकडे पंधरा-वीस मीटर पळत गेली. उतार सुटला नाही. का सुटला नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. आम्ही आपल्याच पावलांवर पाऊल ठेवत, एकेक करून मागे आलो. दुपारी तंबूत चहा घेत असताना शेजारचा उतार सुटल्याचा आवाज ऐकला.

उत्तराखंड-हिमाचलच्या कितीतरी गावांत हिमस्खलनालाच 'ग्लेशियर' म्हणतात, हे मला त्या दिवशी संध्याकाळी कळलं.

तर खुणा याच: तो 'हुम्म', पळणाऱ्या भेगा आणि आसपास नुकतंच सुटलेलं स्खलन. यातली एकही दिसली तर चर्चा नको, वळायचं.

सरकारी इशारा मिळतो का?

मिळतो. चंदीगडची डीजीआरई ही डीआरडीओची संस्था हिमाच्छादित भागांसाठी हिमस्खलनाचे इशारे काढते. आधी ती 'सासे' नावाने ओळखली जायची आणि १९६९ साली मनालीत सुरू झाली होती. जिल्हा प्रशासन ते इशारे पुढे पाठवतं, बातम्यांतही येतात. धोक्याची पातळी एक ते पाच. इथे आपल्या लोकांचा एक घोटाळा होतो: पाचपैकी तीन म्हणजे साठ टक्के, फर्स्ट क्लास! अहो, आल्प्समध्ये सर्वाधिक माणसं तीनच्याच दिवशी दगावतात. चार-पाचला लोक घाबरून घरी बसतात, तीनला निघतात. शिवाय इशारा जिल्ह्याचा आणि उंचीचा असतो; तुमच्या समोरच्या उताराचा नाही.

केदारकंठा, तुंगनाथ, गुलमर्ग यांपैकी सुरक्षित काय?

नावाला सुरक्षित काहीच नाही, दिवसाला असतं. तरी विचारताच आहात तर सांगते. केदारकंठ्याची वाट बरीचशी जंगलातून आणि मग धारेने जाते. नेहमीच्या वाटेवर आणि नेहमीच्या दिवशी तिथे घसरण्याची आणि थंडीची भीती जास्त. मोठ्या हिमवृष्टीनंतर हेच वाक्य मी मागे घेईन. तुंगनाथ ३,६८० मीटरवर. हिवाळ्यात देव खाली मक्कूमठ गावात असतो आणि पायवाट बर्फाखाली, त्यामुळे लोक पायवाट सोडून थेट उतार कापतात. चोपत्याहून "जवळच तर आहे" म्हणत स्पोर्ट शूजवर निघालेली जोडपी मी पाहिली आहेत.

गुलमर्ग वेगळं प्रकरण आहे. गंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरवर नेऊन सोडतो. म्हणजे एरवी दोन दिवस चालून जो उतार गाठला असता, तो काही मिनिटांत पायाखाली. स्की पेट्रोल, म्हणजे तिथलं गस्ती पथक, दोरी लावून आखलेल्या ठराविक भागाची काळजी घेतं. दोरीपलीकडे गेलात की तुम्ही आणि बर्फ. १ फेब्रुवारी २०२३ ला तिथे स्खलनात दोन पोलिश स्कीअर दगावले, पुढच्याच फेब्रुवारीत एक रशियन. मालवा एक्स्प्रेसने जम्मूला उतरून गुलमर्गला जाणाऱ्या आपल्या पोरांना एवढंच सांगते, भिया, ती दोरी शोभेची नाही.

आम्ही ट्रेक करणार नाही, गाडीने फिरणार आहोत. मग काय?

४ एप्रिल २०२३, सिक्कीम, नथू ला कडचा रस्ता. पर्यटकांना तेराव्या मैलापर्यंतचाच पास होता, मंडळी पंधराव्या मैलापाशी गेली होती. तिथे स्खलन आलं, सात मृत्यू. ट्रेकर त्यात कुणी नव्हतं. आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथपलीकडे माणा इथे सीमा सडक संघटनेच्या कामगारांच्या कॅम्पवर बर्फ आला. ५४ जण होते, ४६ वाचले, ८ गेले. माणसं कंटेनरमध्ये होती, उघड्यावर नव्हती. बर्फ बघायला गाडी थांबवाल तेव्हा आधी वर बघा. नाला रस्त्याला मिळतो त्या वळणावर मुलांना बर्फात खेळायला सोडू नका.

गाइड अनुभवी आहे, मग आपण कशाला डोकं चालवायचं?

४ ऑक्टोबर २०२२ ला 'द्रौपदी का दांडा' शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीवर स्खलन आलं. २९ जण गेले. प्रशिक्षणार्थींबरोबर प्रशिक्षकही होते, आणि त्यांत सविता कंसवाल होती, जिने त्याच वर्षी मे महिन्यात सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू दोन्ही केले होते. अनुभव बर्फाला कळत नाही.

उलट माझ्या किस्स्यात गाइड बरोबर होता आणि ग्राहक चूक. हे जास्त वेळा घडतं. गाइडचं पोट तुमच्यावर, तुम्ही सुट्टी संपवून ऑफिसला जायचे, आणि गटात पाच जणांना जायचंय तर सहावा गप्प बसतो. रेल्वेचं तिकीट आपण ६० दिवस आधी काढतो. बर्फाचा इशारा फार तर एक-दोन दिवसांचा. या दोन तारखांची सांगड घालायचा प्रयत्न म्हणजेच इंदूरकराचा सगळ्यात मोठा धोका, असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्याबरोबर येणाऱ्यांना म्हणून तीन अटी: परतीच्या आधी दोन दिवस कोरे ठेवायचे, दुसरा सौम्य पर्याय आधीच ठरवायचा, आणि गटातला कुणीही एक 'नको' म्हणाला की सगळे मागे. कारण विचारायचं नाही. नव्या मुलीने भीतीपोटी 'नको' म्हटलं तरी चालेल.

बीकन, प्रोब, फावडं हे सगळं घ्यावंच लागेल का?

स्खलनाच्या उतारांवर किंवा त्यांच्या खालून जाणार असाल तर हो, प्रत्येकाकडे तिन्ही. प्रोब म्हणजे बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी. एकाकडे असून उपयोग नाही. त्यालाच पुरलं तर? बीकन म्हणजे छोटा रेडिओ; तो ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश पाठवतो आणि शोधताना तोच संदेश पकडतो. तो आतल्या कपड्यांवर बांधायचा, बॅगेत ठेवायचा नाही. मोबाइल त्याच्यापासून वीतभर तरी दूर, आणि शोध चालू असताना अर्धा मीटर दूर किंवा चक्क बंद. सेल अल्कलाइन घ्या. गुलमर्गला ही सामग्री भाड्याने मिळते.

पण वापरता येत नसेल तर ते गळ्यातलं लॉकेट आहे. सराव इथेच करा. एक बीकन डब्यात घालून वाळूच्या ढिगाऱ्यात पुरा, दुसऱ्याने शोधा, घड्याळ लावा. इंदूरला बांधकामाच्या वाळूचे ढीग काही कमी नाहीत. मालकाला विचारा मात्र.

एअरबॅगवाली बॅग घेतली तर?

म्हणजे स्खलनात ओढली की फुग्यासारखी फुगणारी पाठपिशवी. फायदा होतो, आणि कारण तुमच्या डब्यात आहे. शेव-मिक्स्चरचा डबा हलवला की चुरा तळाशी जातो आणि मोठे तुकडे वर येतात. फुगलेल्या बॅगेने माणूस 'मोठा तुकडा' होतो. पण झाडावर, खडकावर आपटण्यापासून ती वाचवत नाही, आणि खोल नाल्यातही फारशी नाही. गॅसच्या नळकांड्यासाठी विमान कंपनीची आधी परवानगी लागते.

उतार ओलांडायचाच असेल तर?

एकेकाने. बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावरच नजर ठेवायची, गप्पा नाहीत. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढा, बॅगेचा कमरपट्टा सोडा की घट्ट ठेवा यावर तुमच्या प्रशिक्षकाचं ऐका. एअरबॅग असेल तर पट्टे घट्टच. मधे फोटोला थांबायचं नाही.

अंगावर आलंच तर?

ओरडा, म्हणजे इतरांचं लक्ष जाईल. लादी फुटायच्या पहिल्या क्षणीच कडेला निसटता आलं तर निसटा. काठ्या टाका. वर राहण्यासाठी जीव तोडून हातपाय मारा. वेग कमी होतोय असं वाटताच हात तोंडापुढे आणा आणि श्वासापुरती पोकळी करा, कारण थांबला की बर्फ सिमेंटसारखा बसतो. मग बोटही हलत नाही.

सोबतचा पुरला गेला तर? मदत बोलवायची की शोधायचं?

शोधायचं. लगेच. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी बहुतेक जगतात. अर्ध्या तासानंतर चित्र पालटतं, कारण बहुतेकांचा जीव गुदमरून जातो. हेलिकॉप्टर, एसडीआरएफ (राज्याचं आपत्ती पथक), लष्कर, कुणीही त्या पंधरा मिनिटांत पोहोचत नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत सियाचीनला लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी जिवंत सापडले हे खरं, पण त्यांचंही दोन-तीन दिवसांत निधन झालं. त्या चमत्कारावर हिशेब मांडू नका.

वरून दुसरं स्खलन येणार नाही हे बघा. तो शेवटचा कुठे दिसला ती जागा डोक्यात पक्की करा. शोध तिथून खाली. सगळ्यांचे बीकन शोधावर टाका. एकाचा जरी 'पाठव'वर राहिला तरी सगळे त्याच्याच मागे फिरतील. सरावात हे दर वेळी होतं. चालता चालता टोपी, हातमोजा, काठीचं टोक दिसतंय का बघा. बीकनवरचा अंतराचा आकडा कमी होत जाईल तसा बीकन बर्फाला टेकवून हळूहळू सरकवा. सर्वात लहान आकडा मिळाला की प्रोब, उताराला काटकोनात, वीतभर अंतराने गोल गोल वाढवत. प्रोब लागला की उपसू नका, तो तिथेच राहू द्या.

आणि मग खणणं. याचा सराव कुणीच करत नाही आणि सगळा वेळ इथेच जातो. डोक्यावरून सरळ खाली खड्डा पाडायचा नाही. उताराच्या खालच्या अंगाला सरकून आडवं आत शिरायचं. एक जण पुढे फोडतो, मागचे बर्फ मागे ओढतात, आणि दर मिनिटाला पुढचा बदलायचा. मीटरभर खोल माणसासाठी टनभर बर्फ हलवावा लागतो. हाताने किंवा ताटलीने ते होत नाही, म्हणून धातूचं फावडं. चेहरा दिसला की आधी नाकातोंडातला बर्फ काढा, छाती मोकळी करा. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्या आणि सीपीआर सुरू करा. पाय नंतर निघतील.

गटात माणसं पुरेशी असतील तर एकाने तेवढ्यात ११२ लावावा. रेंज असेल तर.

रेंज नसते म्हणून सॅटेलाइट फोन नेऊ का?

नको. भारतात सॅटेलाइट फोन आणि तसली संदेशयंत्रं परवानगीशिवाय बाळगणं बेकायदेशीर आहे, परदेशी पर्यटकांनाही त्यावरून अटक झालेली आहे. परदेशातल्या नातेवाइकाने पाठवलेलं यंत्र असेल तर ते घरीच राहू द्या.

हे सगळं शिकायचं कुठे?

उत्तरकाशीची नेहरू संस्था, दार्जिलिंगची हिमालयन संस्था, मनालीची अटल बिहारी वाजपेयी संस्था. बेसिक कोर्स जवळपास महिनाभराचा असतो, जागा लवकर भरतात. नुसतं स्कीइंग करायचं असेल तर गुलमर्ग आणि औली. चार दिवसांच्या ट्रेकने हे शिकता येत नाही.

आई-बाबांना काय सांगू?

खरं सांगा, आणि लेखी सांगा. एका कागदावर रोजचा मुक्काम, वाट, गाइडचा आणि त्याच्या गावातल्या कुणाचा तरी फोन, बरोबरच्यांची नावं आणि रक्तगट. खाली एक तारीख आणि वेळ: 'इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला आणि त्या जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला, १०७७ वर, कळवा.' इथून लावताना त्या जिल्ह्याचा एसटीडी कोड आधी लावावा लागतो, तोही लिहा. मागे ठेवलेले दोन कोरे दिवस धरूनच ती वेळ लिहा, नाहीतर तुम्ही तंबूत चहा पीत असाल आणि राजेंद्रनगरात तुमची आई देव पाण्यात घालून बसलेली असेल. कागद फ्रिजवर लावा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला सापडत नाही.